नवतपा आणि माझा लकी बांबू

दिवाळीत नागपूरच्या बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, पाच काड्यांचा लकी बांबू आणला होता. फेब्रुवारीपर्यंत छान होता. मग पानांची टोकं तपकिरी पडू लागली, आणि एप्रिल संपता संपता सगळ्यात उंच काडी खालून पिवळी झाली.

मला वाटलं, ऊन कमी पडतंय. म्हणून पूर्वेच्या खिडकीत ठेवला, आणि तिथेच चुकलं. हा मुळात बांबू नाहीच. हे ड्रॅसिना नावाच्या गटातलं झुडूप, मध्य आफ्रिकेतल्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. त्याला उजेड हवा, ऊन नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सकाळी नऊलाच चटके बसतात. आठवडाभरात पानं पांढरट पडून करपली.

शेवटी भांडं रिकामं केलं. काचेला आतून पांढरा थर होता, नखाने खरवडला तर भुकटी निघाली. आमच्याकडे बोरचं पाणी, तेच मी भरत होते. पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड या झाडाला सोसत नाहीत, पानांची टोकं जळतात ती त्यानेच. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडतो, क्षार मात्र तसेच राहतात. उंच काडी बुडाशी दाबली तर बोट आत रुतलं. चांगली मुळं शेंदरी असतात, हिची काळी, बुळबुळीत झाली होती आणि कुजका वास येत होता. पिवळी झालेली काडी पुन्हा हिरवी होत नाही, उलट बाकीच्यांचं पाणी नासवते. जिवावर आलं, पण टाकली.

उरलेल्या चारींची मुळं धुतली, काळे धागे कात्रीने कापले, गोटे उकळून घेतले. आता फिल्टरचं पाणी भरते, मुळं बुडतील एवढंच. दर रविवारी बदलते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सुमाराच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पाणी कोमट व्हायचं, म्हणून तिसऱ्या दिवशीच बदलायचे. भांडं हॉलमधल्या उंच फळीवर, कूलरच्या थेट झोतापासून बाजूला ठेवलंय. उंच अशासाठी, की घरात मांजर आहे आणि ही पानं तिला बाधतात. शेजारच्या काकू खत घाल म्हणाल्या, पण मी घातलं नाही. नुसत्या पाण्यातल्या झाडाला थोडं जास्त झालं तरी पानं पिवळी पडतात.

जूनमध्ये पहिला पाऊस चांगला पडल्यावर गच्चीवर पातेलं ठेवून पाणी धरलं. पाणी बदलताना मधल्या काडीच्या पेरावर तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला, आणि खाली एक नवीन शेंदरी मूळ.