तोवर राहिला तर

मंगळवार, रात्री उशिरा

दादाचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. सई जेवता जेवता म्हणाली, "आत्या, बर्फ वाचवणाऱ्याला मोठं बक्षीस असतं ना? ते मी घेणार." दादा मान वर न करता म्हणाला, "तोवर बर्फ राहिला तर." सगळे हसले, सईसुद्धा हसली. पण नंतर कालवलेला भात तसाच ठेवून ती ताटाच्या कडेचं मीठ बोटाने गोळा करत बसली.

मला एवढं का लागावं? दादा खोटं बोलला असता तर तिथेच भांडले असते. पण २०१२च्या सप्टेंबरात आर्क्टिक समुद्रावर ३४ लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता, म्हणजे जेमतेम आपल्या देशाएवढा. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. तो गेला की खालचं काळं पाणी तेच ऊन शोषून घेतं, तापतं आणि उरलेल्या बर्फाला लागतं. ग्रीनलंडच्या जमिनीवरचा बर्फ तर सगळा वितळला, तर जगभरचा समुद्र सरासरी ७ मीटर चढेल. पुणं ५६० मीटरवर आहे म्हणून आम्हाला जेवताना हसता येतं. मावशी रेवदंड्याला राहते.

सगळे झोपल्यावर बक्षिसांबद्दल वाचत बसले. १७१४ साली ब्रिटिश संसदेने समुद्रावर रेखांश अचूक सांगण्यासाठी २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं होतं. ते कोडं जॉन हॅरिसन नावाच्या सुतारकाम शिकलेल्या माणसाने घड्याळ बनवून सोडवलं. पैशांसाठी मात्र त्याला झगडावं लागलं, शेवटची रक्कम १७७३ साली हातात पडली तेव्हा तो ऐंशीचा होता. ब्रिटिश उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सनने २००७मध्ये हवेतला कार्बन काढणाऱ्याला २.५ कोटी डॉलर जाहीर केले होते. २०१९ साली ती स्पर्धा कोणालाच बक्षीस न देता बंद झाली. इथे मला रडूच आलं. मी एम.एस्सी. सोडलं तेव्हाही कोणीतरी असंच एक वाक्य सहज बोलून गेलं होतं. जाऊ दे.

मग २०२५च्या एप्रिलमधली बातमी सापडली. एक्सप्राइझ नावाच्या संस्थेने भरवलेल्या कार्बन काढण्याच्या स्पर्धेचे ५ कोटी डॉलर माती कार्बन नावाच्या कंपनीला मिळाले. ते बेसाल्टची भुकटी आपल्याकडच्या छोट्या शेतकऱ्यांच्या शेतात पसरतात. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं, दगडाशी त्याची प्रक्रिया होते आणि तो कार्बन पाण्यात विरघळलेल्या रूपात बांधला जातो. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, अख्खा सह्याद्री! वाघोलीत राहायला आल्यापासून खडी क्रशरची ती करडी भुकटी मी रोज बाल्कनीच्या कठड्यावरून पुसते आणि खडीवाल्यांच्या नावाने बोटं मोडते.

अर्थात त्या स्पर्धेची अट वर्षाला हजार टन कार्बन डायऑक्साइड काढून दाखवायची होती, आणि जग वर्षाला सुमारे ४,००० कोटी टन सोडतं. सोडणं कमी झालं नाही तर नुसत्या काढण्याने काही होणार नाही, हे सईलाही कळेल.

तरी ते वाक्य का टोचतंय ते आता थोडं हाती येतंय. "राहिला तर" म्हणताना दादाच्या डोळ्यांसमोर एकतर सगळा बर्फ आहे, नाहीतर काहीच नाही. पण बर्फाचं तसं नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २०१८च्या अहवालात म्हटलंय की तापमानवाढ दीड अंशावर थांबली तर आर्क्टिक समुद्र बर्फाविना असलेला उन्हाळा शतकातून साधारण एकदा येईल, दोन अंशांवर गेली तर दर दहा वर्षांत निदान एकदा. अर्ध्या अंशात एवढा फरक! म्हणजे किती राहील ते अजून ठरायचंय. दहा वर्षांच्या मुलीला आधीच निकाल सांगून टाकायचा दादाला अधिकार नाही. तो तसा का झालाय ते मला ठाऊक आहे, पण तरीही नाही.

माझ्या हातून बर्फ वाचणार नाही, आणि आज पहिल्यांदाच त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. सई शनिवारी राहायला येतेय. कठड्यावरची भुकटी एका डबीत भरून ठेवली आहे, व्हिनेगरमध्ये टाकून बघू. ती लगेच फसफसणार नाही हे आधीच सांगायला हवं, नाहीतर हिरमुसेल. शेजारच्या वाटीत अंड्याचं टरफल टाकलं की फरक दिसेल. व्हिनेगर संपलंय, उद्या येताना आणायचं.