झीरो जोई लेजो

आमच्या गाडीला आधी पाण्याने धरलं आणि वर्षभराने आगीने. पंचमहाभूतांपैकी दोन झाली, असं आई म्हणते, आणि तिसरं कुठून येतंय याचा अंदाज घेत असल्यासारखी नव्या गाडीभोवती एक फेरी मारते.

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची गोष्ट. पितृपक्ष नुकताच लागला होता. बाबांची तिथी दोन दिवसांवर, म्हणून आईला घेऊन खंडेराव मार्केटला गेलो. श्राद्धाच्या भाज्या आमच्या कारेलीबागेतही मिळतात, पण आईच्या मते अळू घ्यावं तर खंडेराव मार्केटचंच. सयाजीरावांनी १९०६ साली बांधवलेली ही इमारत पुढून एखाद्या राजवाड्यासारखी दिसते, आत महापालिकेची कचेरी आहे, आणि बडोदेकराला तिचं नाव काढलं की आठवतो तो भाजीबाजार. गवार, भेंडी, कारली, लाल भोपळा झाला. आई अळूच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होती तेवढ्यात रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजायला लागला. वाजायला लागला तो थांबेचना.

“कोण शहाणा आहे,” मी म्हटलं.

आईने मान वर न करता सांगितलं, “आपला आहे रे तो.”

खरंच आमचाच होता. गाडीत कोणी नव्हतं, काचा बंद, आणि बोनेटच्या फटीतून पिवळसर धूर येत होता. माझ्या देखत वायपर एकदाच वर उचलले गेले आणि काचेच्या मध्यावर अडकून बसले. वायरींवरचं आवरण वितळलं की आतल्या तारा एकमेकींना चिकटतात आणि गाडीतल्या वस्तू आपल्या मनाने चालू होतात, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मात्र वाटलं, आत कुणीतरी बसलंय आणि त्याला हवं ते बटण सापडत नाहीये.

मी बोनेट उघडायला धावलो. चहाच्या टपरीवरच्या पोराने मागून शर्ट धरला. “ना खोलता, अंकल! हवा मळशे तो भडको थशे!” पोरगं असेल सोळा-सतरा वर्षांचं, पण बोलला ते सोळा आणे खरं. झाकणाखाली धुमसणाऱ्या आगीला हवा कमी मिळत असते. झाकण उघडणारा माणूस तिला हवाही देतो आणि वर आपलं तोंडही. एका दुकानदाराने आग विझवायचा लाल सिलिंडर आणला, पण त्याची पिन आधी ओढायची असते हे आम्हा दोघांपैकी कुणालाच आठवेना. भाजीवालीने पालेभाजीवर शिंपडायच्या पाण्याची बादली लांबून फेकली, ती बरीचशी माझ्यावर पडली. दांडिया बाजारचा बंब तसा लवकर आला. पण रबरी नळ्या, प्लॅस्टिकचा पंखा, इंजिनचं तेल, गाद्यांमधला फोम, एकाला एक लागत गेलं. गाडी लोखंडाची असते असं आपण उगीच समजतो. जळताना कळतं की तिच्यात जळण्यासारखंच जास्त असतं.

कुणाला काही झालं नाही. हॉर्न चिरकत चिरकत बंद पडला तेव्हा आई भाजीची पिशवी छातीशी धरून उभी होती. म्हणाली, “अळूचे पैसे द्यायचे राहिलेत.”

आता कारण. गाडी कोणत्या कंपनीची होती ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. २०२४ च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्रीला जो पूर आला तो बडोदेकर विसरायचे नाहीत. काळा घोडा पुलाजवळ धोक्याची पातळी २६ फूट आहे, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. नदीतल्या मगरी लोकांच्या सोसायट्यांमध्ये पाहुण्या म्हणून आल्या. आमच्याकडे मगर आली नाही, पाणी मात्र आलं आणि गाडीच्या सीटपर्यंत चढून दोन दिवस राहिलं. पुढे कित्येक दिवस आभाळ भरून आलं की शेजारीपाजारी गाड्या नेऊन उड्डाणपुलावर ठेवायचे. आम्हीही एकदा ठेवली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गॅरेजवाल्याने गालिचे काढून उन्हात वाळवले, सीटा धुतल्या, इंजिन तपासलं, आणि गाडी चालू झाली. आत चिखलाचा वास राहिला. पहिल्या पावसाचा वास म्हणून कवी ज्याचं कौतुक करतात त्याचाच तो शिळा प्रकार.

विम्याचा सर्वेअर आला तो शांत, चष्मेवाला, गुजराती गृहस्थ. त्याने आधी चेसिसवर कोरलेला नंबर शोधला, कापडाने काजळी पुसली, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली. लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून छाप उमटवायचो, अगदी तस्सं. मग मागच्या बाजूला न जळलेला एक वायरींचा जोड उपटून त्याने आम्हाला दाखवला. आतल्या बारीक पिनांवर हिरवट थर चढला होता.

आईने डोळे बारीक करून बघितलं. “कळकलंय हे.”

सर्वेअरने माझ्याकडे पाहिलं. कळकणं त्याला कसं समजावायचं? पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की जे होतं ते. मी ‘काट’ म्हटलं, ‘जंग’ म्हटलं, पण ते तर लोखंडाला लागतात. कळकण्यात चव बिघडते, वस्तू आतून नासते, आणि वरून भांडं तसंच दिसत राहतं. आमच्या वायरी वर्षभर तशाच कळकत राहिल्या होत्या.

“याला कल्हई नसते का?” आईने विचारलं.

असते की! गाडीतल्या अशा पुष्कळ पिनांवर कथलाचा पातळ मुलामा असतो, हे सर्वेअरनेच सांगितलं. म्हणजे कल्हईच. “मग ती उडाली असेल,” आई म्हणाली आणि तिच्यापुरता तपास पूर्ण झाला. सर्वेअरने कागदावर ‘शॉर्ट सर्किट’ लिहिलं. दोन्ही अहवाल बरोबर होते, पण मला आईचा जास्त पटला.

विम्याच्या भाषेत आमची गाडी ‘टोटल लॉस’. गाडीची विम्यात ठरलेली किंमत असते, आयडीव्ही म्हणतात ती, तिच्या ७५ टक्क्यांवर दुरुस्तीचा खर्च गेला की गाडी मेली असं समजतात. पाच वर्षांवरच्या गाडीची ही किंमत कोष्टकात नसते, ती तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. आमची गाडी २०१६ ची. पॉलिसी घेताना हप्ता कमी यावा म्हणून मी ती किंमत खाली ओढायला आनंदाने हो म्हटलं होतं. तो आनंद आता व्याजासकट फेडला. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचे पैसे न मागणाऱ्याला हप्त्यात मिळते ती सूट, जळायला शिल्लकच नव्हता, तो पुरात वाहून गेला होता. राहिलं आरटीओ. गाडी नष्ट झाल्याचं चौदा दिवसांच्या आत किंवा जमेल तितक्या लवकर कळवून आरसी जमा करायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. दर्जीपुऱ्याला जाऊन तेही केलं. माणसाच्या मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, गाडीची त्याहून घाई.

सर्वेअरचा शेवटचा प्रश्न होता, किती किलोमीटर झाले होते? मीटरच्या जागी एक काळा गोळा लोंबत होता. मी म्हटलं, साठेक हजार असतील.

“अठ्ठावन्न हजार तीनशे चाळीस,” आई म्हणाली. “शनिवारी पेट्रोल भरलं तेव्हाचे. मग मांजलपूरला मावशीकडे जाऊन आलो, ते चौदा धरा. आणि आजचे इथपर्यंतचे.”

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. गाडी घेतली त्या दिवसापासून त्यांनी लाल पुठ्ठ्याच्या चोपडीत प्रत्येक वेळचं पेट्रोल मांडायला सुरुवात केली होती: तारीख, मीटर, लिटर, भाव. मांडायचे ते, पण लिहायची आई. बाबा स्टेअरिंगवर बसून आकडे सांगायचे, ही गुडघ्यावर चोपडी घेऊन टिपायची. त्यांच्यामागे मी चालवायला लागलो तरी तिचं टिपणं चालूच राहिलं, फक्त आकडे आता तिला माझ्याकडून ओढून काढावे लागत. चोपडी समोरच्या कप्प्यात असायची. छत्री, दोन गॉगल, आरतीचं पुस्तक यांच्याबरोबर तीही गेली. वैयक्तिक सामान पॉलिसीत बसत नाही.

मग नवी गाडी. घरात चार माणसं आणि पुण्याहून फोनवर एक मेहुणा, म्हणजे पाच मतं. मुलीला सनरूफ हवं. बडोद्याच्या मे महिन्यात डोक्यावर खिडकी हवी असं वाटणारी पिढी आपल्याच घरात वाढते आहे, याचा मला पत्ता नव्हता. बायको म्हणाली सीएनजी, पण मग तिलाच आठवलं की डिकीत सिलिंडर बसला तर गणपतीचं मखर मांडीवर घ्यावं लागेल. मेहुण्याला भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून सुरक्षिततेला देतात ते तारे मोजायचे होते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे या चाचण्या होतात, तेव्हापासून तो गाड्यांना हॉटेलांसारखे तारे लावून बोलतो. शेजारच्या काकांनी त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीतून चक्कर मारून आणली. छान, मऊ, बिनआवाजी. उतरल्यावर आईने विचारलं, “यात इंजिन नाही, मग आहे काय?” काकांनी बॅटरी आणि मोटर समजावली. “म्हणजे नुसत्या वायरीच,” आई म्हणाली आणि तो विषय संपला. पेट्रोलचीच गाडी जळाली होती हे मी तिला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

माझं स्वतःचं असं मत नव्हतं. पहिल्या शोरूममध्ये मात्र एक गोष्ट पाहिली. विक्रेता पोरगा मला टॉर्क समजावत होता आणि आई पलीकडे एका गाडीत बसून उठत होती. परत बसत होती, परत उठत होती. एका उंच गाडीत तिला दाराची कड धरून चढावं लागलं. एका बुटक्या गाडीत ती बसली सहज, पण बाहेर पडताना मला हात द्यावा लागला, आणि तो हात घेताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी टेप घेऊन आमच्या संखेड्याच्या झोपाळ्याची उंची मोजली. आईचा दिवस या झोपाळ्यावर जातो. त्यावरून ती दिवसातून पन्नास वेळा कुणाचाही हात न धरता उठते. गादी धरून तेवीस इंच भरली. मग मी टेप खिशात टाकूनच शोरूम हिंडलो. विक्रेते बूट स्पेसचे लिटर सांगायचे, मी दार उघडून जमिनीपासून सीटची कड मोजायचो. एकाने हळूच विचारलं, “अंकल, शिलाईनुं काम छे?” शेवटी झोपाळ्यापेक्षा बोटभर उंच भरली ती वॅगन-आर. १९९९ पासून रस्त्यावर दिसणारी ही उभट डबी मी आजवर कधी वळून पाहिली नव्हती. मेहुण्याला सहा एअरबॅगांवर गप्प केला. मुलीने आठवडाभर अबोला धरला.

मी तिथेच बुकिंग करत होतो. आई म्हणाली, “पक्षात गाडी? वेड लागलंय का?” मी वाद घातला. रिक्षात महिन्याला किती जातात, श्रद्धा म्हणजे काय, वगैरे. ती झोपाळ्याला झोका देत ऐकत राहिली. सर्वपित्रीनंतरच, म्हणाली. घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि नेमक्या त्याच दिवसापासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वरचा सेस यांवरून १८ टक्क्यांवर येणार होता. ३ तारखेला जाहीर झालेली ही बातमी घरातल्या पाचही विद्वानांनी वाचली होती. लहान गाडी घ्यायची ठरलीच नव्हती, त्यामुळे ती आपल्याला लागू आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कमी झालेली रक्कम मी आईला सांगितली तेव्हा तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

“तुझे बाबा हिशेबाला पक्के होतेच,” ती म्हणाली.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला गाडी मिळाली. सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगेत पाऊण तास, शोरूमच्या रांगेत दोन तास. लाल सॅटिनचं कापड ओढणं, पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो, सगळं झालं. आईने हळदकुंकू वाहिलं, डॅशबोर्डवर आपट्याचं पान ठेवलं, चाकाखाली लिंबू. मग कुणाचाही हात न धरता पुढच्या सीटवर बसली आणि पिशवीतून कोरी लाल चोपडी काढली. कधी आणली होती कोण जाणे.

थेट पंपावर गेलो. पंपावरच्या मुलाने नळी लावली आणि रोजच्या सवयीने म्हणाला, “बा, झीरो जोई लेजो.”

आईने खिडकीतून वाकून शून्य नीट पाहून घेतलं. तारीख लिहिली. लिटर लिहिले, भाव लिहिला.

“मीटर?”

“एक्केचाळीस.”

तिचं पेन थांबलं. “नवी आहे ना गाडी? मग हे एक्केचाळीस कोण फिरून आलं?”