गंगेवर रुसून त्र्यंबकला

आम्ही जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पूर आला की किती क्युसेक सुटले हे नंतर विचारतो, आधी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारतो. 2 ऑगस्ट 2016 ला गुडघ्याला लागल्याचं कळलं, तरी मी भांडीबाजारातल्या दुकानात बसून राहिलो. कमरेपर्यंत चढेल, संध्याकाळी उतरेल, हा आमचा नेहमीचा शहाणपणा. वरून पाऊस, गंगापूर धरणाचा विसर्ग, गटारांतून उलटं येणारं पाणी. बघता बघता मी पोटमाळ्यावर आणि खाली पितळी घागरी-पातेली तरंगत एकमेकांवर आदळतायत. तो ठणठणाट! शेजाऱ्यांनी मागच्या खिडकीचे गज वाकवून, दोर टाकून मला ओढून काढलं.

गाळ पंधरा दिवसांत उपसला. पण रोज पहाटे गंगेवर जायची सवय सुटली ती सुटलीच. देव्हाऱ्यातला दिवा बायको लावायची.

2017 च्या जानेवारीत, पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेली सिन्नरकडची एक दिंडी आमच्या गल्लीत मुक्कामाला होती. चहा द्यायला गेलो, सातपूरपर्यंत सोडायला म्हणून निघालो, आणि परत काही फिरलो नाही.

खरं सांगतो, पहिले काही मैल टाळ ऐकवत नव्हते. डोळ्यांपुढे घागरीच. थंडी अशी की बोटं आखडलेली. महिरावणीला थांबलो तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींनी भाकरी-ठेचा हातावर ठेवला. मी पुराची सगळी कर्मकहाणी सांगितली. त्या शांतपणे चावत राहिल्या.

"माणूस गेलं का कुनी?"

"नाही."

"तुज्या दुकानात शिरलं ना बाबा, तेवढं पानी आमच्या इहिरीनं चार वर्सांत नाही पाह्यलं."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र अंजनेरीपर्यंत तेच पुरलं. अंजनेरीला मारुतीचं जन्मस्थान मानतात. तिथे वर बघून आमचा दुतोंड्या आठवला, गळ्याएवढ्या पाण्यात पाय रोवून उभा. कीर्तनकार महाराज निवृत्तिनाथांची कथा सांगत होते: ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पळापळ झाली, पोर चुकलं आणि नेमकं गहिनीनाथांच्या गुहेत शिरलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या पोराची भीती दिसली, गुरू नंतर. आणि टाळ कधी नुसते टाळ झाले, ते कळलंच नाही.

त्र्यंबकला समाधीची रांग संपेना, म्हणून कळसाला हात जोडले. कुशावर्तावर, गोदावरीच्या तिथल्या कुंडावर, मात्र गेलो. पोटमाळ्यावरून पाहिलेली गंगा ती हीच, यावर विश्वास बसेना. खूप वेळ पायऱ्यांवर बसलो, मग उतरून ओंजळ भरली.

देवाने वाचवलं असं मी आजही म्हणत नाही. दोर टाकणारे हात मला माहीत आहेत. म्हणूनच आता पावसाळ्यात पहाटे गंगेवर जाऊन आधी मारुती बघतो आणि गल्लीत फोन फिरवतो. 4 ऑगस्ट 2019 ला पुन्हा पाणी चढलं, तेव्हा आमच्या ओळीतला बराचसा माल आधीच माळ्यावर होता. दोराचं वेटोळं खिडकीशी टांगलेलं होतं. दुपारी पाणी आमच्या पायरीला लागलं आणि मनात आलं, यातलं थोडं आजींच्या विहिरीत गेलं असतं तर.