अडीच की साडेतीन?

डेस्कटॉप भंगारात जातो, पण त्यातली हार्ड डिस्क कुणी देत नाही. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड किलोवर जातं आणि डिस्क तेवढी जुन्या रुमालात गुंडाळून कपाटात. आमची पासबुकांशेजारी पडून होती. तीन टीबीची, वजनाला अर्ध्या किलोच्या वर सहज भरेल. आता २०२७च्या सिंहस्थाच्या गप्पा सुरू झाल्या, तशी बायकोला २०१५च्या सिंहस्थातले फोटो हवे झाले. सासूबाई रामकुंडावर ओल्या साडीत, हातात तांब्या, आणि फोटो काढणाऱ्यावर वैतागलेल्या. तो फोटो फक्त त्या डिस्कवर.

एम. जी. रोडवरच्या दुकानात डिस्क लॅपटॉपला जोडायचं यूएसबी अ‍ॅडॉप्टर मागितलं. पोराने मान वर न करता विचारलं, "अडीच की साडेतीन?"

"साडेतीन इंची."

"मग नुसत्या केबलवर नाही फिरायची, काका. पॉवरवालं घ्या."

पोराचं बरोबर होतं. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क पाच व्होल्टवर खूश असते आणि यूएसबीच्या साध्या पोर्टातून मिळतात तेवढेच. साडेतीन इंचीच्या मोटरला बारा व्होल्ट लागतात. तबकड्यांना पहिला वेग देताना तर ती दोनेक अँपिअर ओढते. म्हणून अ‍ॅडॉप्टरसोबत भिंतीत खुपसायचा वेगळा ठोकळा येतो.

"किती टीबी?" हा पुढचा प्रश्न. तीन म्हटल्यावर त्याने काढलेला डबा परत ठेवला आणि दुसरा काढला. जुन्या चिपच्या अ‍ॅडॉप्टरांची मोजदाद ३२ बिटांची. डिस्कवरचा एकेक कप्पा, म्हणजे सेक्टर, पाचशे बारा बाइटचा धरला, तर साधारण २.२ टीबीला त्यांचे आकडे संपतात आणि पुढची मोजणी पुन्हा शून्यापासून. मग तीन टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते आणि विंडोज अदबीने विचारतं, फॉरमॅट करू का? "तिथे हो म्हणू नका," पोरगा म्हणाला. एवढ्या सल्ल्याचे त्याने वेगळे पैसे लावले असते तरी मी दिले असते.

घरी टेबलावर डिस्क सपाट ठेवली, आधी जोडण्या केल्या, मग भिंतीवरचं बटण दाबलं. आधी बारीक कुरकुर, मग चढत जाणारी घुर्र. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला एकशे वीस. फिरत असताना हलवायची नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांना टेबलापासून लांब केलं. स्क्रीनवर २.७२ टीबी उमटले. उरलेली जागा कुणी खाल्ली नव्हती. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने, एवढंच.

फोटो शोधताना रामकुंडाजवळच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी आठवली. गावाचं नाव सांगायचा अवकाश, गुरुजी वही उघडून पणजोबांपर्यंत पोचतात. तिला ना बारा व्होल्ट, ना चिप. अर्थात ती वही टिकली, कारण येणारा प्रत्येक यजमान तिच्यात पुढचं नाव घालून जातो. आमच्या डिस्कवर 'नवीन फोल्डर'च्या आत 'नवीन फोल्डर (२)' आणि त्याच्या आत लाइट बिलाची पावती. सासूबाई सापडल्या त्या 'ऑफिस' नावाच्या फोल्डरात. का, ते विचारू नका.

बातमी सोसायटीत पसरलीच. वरच्या मजल्यावरचे काका पिशवीतून स्वतःची डिस्क घेऊन आले. तिच्या पाठीला चाळीस पिनांची रांग, म्हणजे आमच्या डिस्कच्या सॅटा जोडणीच्याही आधीची, आयडीई. सुदैवाने अ‍ॅडॉप्टरला तीही बाजू होती. चहा होईपर्यंत डिस्क उघडली.

"काय शोधायचंय, काका?"

"मुलाचा लग्नाचा बायोडाटा."

त्या मुलाची मुलगी यंदा दहावीला आहे.