तुम्ही विचारलंत म्हणून: बालवाडीच्या अंगणात आधी काय?

"अंगणासाठी खेळणी कुठली घ्यायची?" बालवाडी सुरू करणारे बहुतेक सगळे मला हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून स्पष्टच सांगते. खेळणी सगळ्यात शेवटी. आधी सावली, मग पाणी आणि माती. पैसे उरले तर घसरगुंडी.

बालवाडी भरते सकाळी. नऊ ते बारा या वेळात ऊन पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून येतं, म्हणून झाड त्या बाजूला हवं. पश्चिमेला लावलेल्या झाडाची सावली अंगणात येईपर्यंत मुलं घरी पोचलेली असतात. कडुनिंब मोठा होईपर्यंत बांबूचा मांडव घालून वर हिरवी जाळी टाका. चढायला पेरू लावा, त्याच्या फांद्या चिवट असतात. शेवगा भराभर वाढतो, पण ठिसूळ. त्यावर मुलांना चढू देऊ नका.

पाण्यावर मात्र मनापासून खर्च करा. नळ मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर घ्या आणि तिथून वाफ्यापर्यंत उताराचा पाट काढा. सोडलेलं पान कुठे अडकतं, मातीचा बांध कुठून फुटतो, दोन बोटांनी पाणी वळवता येतं का, यात चार वर्षांचं मूल किती वेळ गढून जातं ते एकदा शेजारी बसून बघा. त्या वयाला याहून चांगला विज्ञानाचा तास मला ठाऊक नाही. पाणी वाहतं हवं, साठलेलं नको. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. रंगवून रोवलेल्या जुन्या टायरांना खालून भोकं पाडा. पावसाळ्यात त्यांत पाणी साचलं, की आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार.

वाळूचा हौद दीड फूट खोल, तळाला सिमेंटऐवजी खडी, आणि रात्री झाकण, नाहीतर मांजरं घाण करतात. वाळूत खेळायला काय द्यायचं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी या समुद्रकाठच्या गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पानं यांचीच साधनं केली. आजही तीच पुरतात.

वाफा दोन फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी छोटे हात मधोमध पोचतात. सुरुवात मेथी आणि मुगानं करा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतो, तेवढा धीर मुलांना असतो. कढीपत्ता आणि लिंबू लावाच. त्यांवर फुलपाखरं अंडी घालतात. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, नंतर हिरवीगार होते. पानं कुरतडली म्हणून कुणी औषध मारायला निघालं तर थांबवा; त्या अळ्यांसाठीच तर झाड लावलंय.

कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी, एरंड आवारात नकोत. बिट्टी तर मुळीच नको. कुंपणाला ती सर्रास असते, मुलं तिच्या बियांनी खेळतात, आणि त्या बिया जहाल विषारी असतात.

आणि आराखडा काढण्याआधी पालकांना बोलवा. कपडे रोज मळणार, दप्तरात एक जोड जास्तीचा द्यायचा, हे त्यांना आधीच सांगा आणि कबूल करून घ्या. पहिल्याच पावसात तक्रारी आल्या म्हणून चांगला वाहता पाट बुजवून वर फरशी घातलेली मी पाहिली आहे.