एवढंच म्हणाली?

शनिवार, रात्री साडेअकरा

आई साताऱ्याहून इथे तोक्योला येताना डबाभर तिळाच्या वड्या घेऊन आली आहे. संक्रांत बुधवारीच झाली, पण समोरच्या जपानी आजींना द्यायचं राहून गेलं होतं. आज सकाळी त्या लिफ्टपाशी दिसल्या तशी आईने मला हाकही मारली नाही. माझ्या लेकीचा, मनूचा हात धरला, वाटी घेतली आणि गेली. मी दारात बुटाची नाडी बांधत होते.

आजींनी वाटी दोन्ही हातांत घेतली, नाकाशी नेली आणि बोलायला लागल्या. चांगली दोन-तीन मिनिटं. मध्येच रुमाल काढून डोळ्याच्या कडेला लावला. आई मान डोलावत ऐकत होती. आजी थांबल्या तेव्हा तिने मनूकडे बघितलं.

"थँक्यू म्हणतेय," मनू म्हणाली.

"अगं, किती बोलली ती! एवढंच म्हणाली?"

"हो. एवढंच."

मी सगळं ऐकलं होतं. आजींच्या लहानपणी त्यांची आई थंडीत तीळ भाजायची आणि सुरिबाचीत घोटायची. सुरिबाची म्हणजे आतून खाचा असलेलं मातीचं खोलगट भांडं. ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचं काम आजींचं. तीळ घोटतानाचा वास घरभर व्हायचा, तो आज कित्येक वर्षांनी आला, असं त्या सांगत होत्या. मनूला यातलं काही समजलं नाही असं नाही. आठ वर्षांची आहे, जपानी तिला माझ्याहून सोपं जातं. पण घोटणं, खाचा, घरभर वास, हे मराठीत कसं म्हणायचं ते तिच्यापाशी नाही. आईला मी सगळं सांगितल्यावर ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "उद्या आणखी दोन वड्या देते तिला."

"एवढंच म्हणाली?" हे दिवसभर डोक्यातून गेलं नाही. अगदी हेच वाक्य एका सिनेमात आहे.

सोफिया कोपोलाचा 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' २००३ सालचा. बिल मरे त्यात व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी तोक्योला आलेला नट आहे. जाहिरातीचा जपानी दिग्दर्शक त्याला हातवारे करून काहीतरी भरभरून सांगतो आणि दुभाषी बाई त्याचं एका ओळीत करते: वळा आणि कॅमेऱ्याकडे बघा. नट विचारतो, एवढंच म्हणाला? त्या जपानी बोलण्याला सबटायटल दिलेलंच नाही. मी पुण्यात जपानीच्या क्लासला जायचे तेव्हा मैत्रिणीच्या खोलीवर आम्ही सहा जणींनी हा सिनेमा पाहिला होता आणि त्या प्रसंगाला पोट धरधरून हसलो होतो. दिग्दर्शक नुसताच आरडाओरडा करतोय असंच वाटलं होतं.

आज सगळे झोपल्यावर तेवढाच भाग पुन्हा लावला. आता शब्दन् शब्द कळला. तो माणूस आरडाओरडा करत नाहीये. सावकाश वळा, खूप दिवसांनी जुना मित्र भेटावा तसं कॅमेऱ्याकडे बघा, 'कासाब्लांका' या जुन्या सिनेमातला नट बोगार्ट आठवा, असं तो सांगतोय. त्याला त्या जाहिरातीत काहीतरी जिवंत हवंय. आणि नट जेव्हा उजवीकडून वळू की डावीकडून असं विचारतो, तेव्हा त्या चार शब्दांचं ती बाई केवढं तरी लांब, अदबीचं वाक्य करून दिग्दर्शकाला विचारते. एका बाजूचं ती कमी करते, दुसऱ्या बाजूचं वाढवते. मला आज बिल मरेकडे बघवेना. मी तिच्याकडेच बघत होते.

कारण ते माझं रोजचं काम आहे. माझ्या कार्डावर हुद्दा आहे 'ब्रिज एसई', म्हणजे दोन्हीकडच्यांना जोडणारी सिस्टिम इंजिनिअर. एका टोकाला तोक्योतला क्लायंट, दुसऱ्या टोकाला पुण्याची टीम, मध्ये मी. परवा क्लायंटकडचे बुचोसान, म्हणजे विभागप्रमुख, पाच-सहा मिनिटं बोलले. तपासून बघतो, आतल्या लोकांशी बोलावं लागेल, जरा अवघड आहे, आणि दातांतून श्वास आत ओढला. मी पुण्याला सांगितलं, "नाही म्हणतायत. दुसरा पर्याय काढूया." पलीकडून प्रश्न आला, "मॅम, एवढंच?" हो, एवढंच. पण त्या सहा मिनिटांत त्यांनी आम्हाला दुखवू नये म्हणून किती जपलं होतं ते मी पुण्याला कसं पोचवू?

परदेशी माणूस आणि जपान यांच्यावरचे सिनेमे बहुतेक वेळा त्या नटाच्या बाजूने बघतात. पंचतारांकित हॉटेलची काच, खाली दिवेच दिवे, आणि आत एकटा माणूस. तो एकटेपणा खोटा आहे असं मी म्हणणार नाही, पहिले दोन महिने मलाही तसंच होतं. पण तो काही दिवसांत परत जाणार असतो. त्याला कचरा वेगळा करायचा नसतो, कुयाक्शोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता बदलायचा नसतो, 'घरमालक परदेशी भाडेकरू घेत नाहीत' हे एजंटाच्या तोंडून चौथ्यांदा ऐकायचं नसतं. टॉम क्रूझचा 'द लास्ट सामुराई'ही २००३ चाच. त्यात एका हिवाळ्यात तलवार, भाषा आणि गावाचं मन, सगळं मिळतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्याच वर्षीच्या एका फ्रेंच सिनेमाबद्दल मात्र लिहायला हवं. आलँ कोर्नोचा, आमेली नोतोम्बच्या कादंबरीवरून केलेला. त्यातल्या बेल्जियन मुलीचं लहानपण जपानात गेलेलं आहे. ती तोक्योतल्या मोठ्या कंपनीत लागते, पाहुण्यांना कॉफी देताना अस्खलित, अदबशीर जपानी बोलते आणि पाहुणे अस्वस्थ होतात. वरिष्ठ तिला बोलावून हुकूम देतो की यापुढे तुला जपानी येत नाही. पुढे तिची रवानगी स्वच्छतागृहं साफ करायला होते. सगळी जपानी ऑफिसं अशी असतात, हे मला मान्य नाही. मला इथे हाताला धरून शिकवणारे सेनपाय, म्हणजे कामातले सीनियर, भेटले. पण तो एक प्रसंग बघताना घशाशी आलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी फोनवर एक गृहस्थ मला म्हणाले होते, "जरा जपानी माणसाला फोन द्याल का?" मी वाक्यात एकही चूक केली नव्हती.

रविवार

सकाळी लवकर जाग आली. कालचं अर्धं राहिलंय.

मला आपला वाटलेला सिनेमा एम्मा कावावादाचा 'माय स्मॉल लँड', २०२२ चा. तोक्योला लागून असलेल्या सायतामा प्रांतातली सतरा वर्षांची मुलगी, सार्या. कुर्द, म्हणजे तुर्कस्तानाच्या बाजूच्या, स्वतःचा देश नसलेल्या लोकांतली. लहानपणापासून जपानात वाढलेली. वडिलांची कागदपत्रं, आजूबाजूच्या कुर्द लोकांचे फोन, सगळ्यांना तीच वाचून दाखवते, तीच भाषांतर करते. शाळेत मात्र आपण जर्मन आहोत असं सांगते, कारण कुर्द म्हणजे कोण हे समजावत बसणं तिला नको असतं. मग निर्वासित म्हणून केलेला अर्ज फेटाळला जातो. काम करायचं नाही, परवानगीशिवाय सायतामाची हद्द ओलांडायची नाही. आणि तिची दुकानातली नोकरी असते आराकावा नदीपलीकडे, तोक्योत.

तीच आराकावा मी रोज सकाळी ओलांडते. निशी-कासाइहून तोझाइ लाइन सुटली की लगेच तो लांबलचक पूल लागतो. थंडीत आकाश स्वच्छ असलं की तिथून फुजी दिसतो, आणि गर्दीतही दोन-चार माना तिकडे वळतात. माझ्या पाकिटात कंपनीच्या कामावर मिळालेलं झाइर्यू कार्ड, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं कार्ड आहे, त्यावर पुढची तारीख आहे. सार्याचं दुःख माझं आहे असं म्हणायचा मला हक्क नाही. पण घरातल्या मोठ्यांसाठी बोलणारं ते पोर मी ओळखते. शाळेतून आलेल्या सूचनेतली कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, हल्ली मी मनूकडून वाचून घेते.

आकिओ फुजिमोतोचा २०१७ चा सिनेमाही असाच. त्याच्या जपानी नावाचा अर्थ 'माझी परत जायची जागा'. तोक्योतलं बर्मी कुटुंब. कागदपत्रांची वाट बघून थकलेली आई दोन्ही मुलांना घेऊन यांगूनला परतते आणि थोरल्याला तिथलं काहीच आपलं वाटत नाही. जपानला जायचं म्हणून तो एकटाच रस्त्यावर भटकत निघतो. तो कॅमेरा फार जवळून, काही न सांगता त्या पोराच्या मागे मागे चालत राहतो. नवरा म्हणाला, बंद कर. मी बंद केला नाही, पण पुढचा आठवडाभर मनूशी एकही जपानी शब्द बोलले नाही. त्या आठवड्यात ती माझ्याशी फार कमी बोलली. नंतर मी ते सोडून दिलं.

दुपारी आईने मनूच्या केसांना 'लव्ह इन टोकियो' लावले, दोन लाल मणीवाले. साताऱ्याच्या बाजारातून घेऊन आली होती. आशा पारेखच्या सिनेमावरून पडलेलं ते नाव. त्या १९६६ च्या सिनेमातला नायकही जपानला जातो तो मेलेल्या भावाच्या मुलाला घरी आणायला. आईला गाणी सगळी पाठ आहेत, तो मुलगा मात्र आठवत नव्हता.

संध्याकाळी आम्ही तिघी पार्कात गेलो. अंधार पडायच्या आधी वॉर्डाच्या भोंग्यांवरून रोजची धून वाजली आणि घसरगुंडीवरची पोरं एकदम ओरडली, "काएरो!"

"काय म्हणतायत गं पोरं?"

"घरी जाऊया म्हणतायत," मनू म्हणाली.

आईने गुडघ्यावर हात टेकला, उठली आणि म्हणाली, "चला, काएरो."

"आज्जी, तसं नाही. का-ए-रोऽ."

आई लिफ्टपर्यंत म्हणून बघत होती. लिफ्टमध्ये समोरच्या आजी होत्या.