डुक्कर फियाटचं दुखणं

काकांची गाडी टोचन करून आणली असती तर बरं झालं असतं. ती आली स्वतःच्या चाकावर, पण अशी, की कोल्हापूरच्या उद्यमनगरातले शेजारचे दोन टर्नर लेथ थांबवून बाहेर बघायला आले. मधेच फट्ट, मग धडधड, मग श्वास अडकल्यासारखं गप्प. हिवताप भरल्यागत बॉनेट थडथडत होतं.

१९५६ ची फियाट ११००. जुनी माणसं हिला डुक्कर फियाट म्हणतात, पुढच्या नाकाडामुळं. पुढची दारं उलटी उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, इंजिन १०८९ सीसीचं. कुर्ल्याला प्रीमियरकडं जोडलेली, काकांच्या वडिलांनी घेतलेली.

"मिस्त्री, आठ दिवसांवर नातीचं लग्न आलंय. वरात हिच्यातनंच काढायची," काका म्हणाले आणि बिलांची पिशवीच माझ्या हातात दिली. आधीच्या गॅरेजात कार्बोरेटरला नवीन किट, चार नवीन प्लग, कॉइल, कंडेन्सर, सगळं झालं होतं. तरी मिसिंग, म्हणजे मधेच ठिणगी चुकून इंजिन अडखळणं, जात नाही म्हटल्यावर तिथल्या मिस्त्रीनं शेवटी पेट्रोलवर ढकललं होतं. हल्ली हे सोपं झालंय. गाडी अडली की पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला शिव्या द्यायच्या. जुन्या रबराचं इथेनॉलशी जमत नाही हे खरं, आणि हिचा पेट्रोलचा पाइप बोटानं दाबला तर मऊ पडलेला होताच. तो मी बदलला. मिसिंग जिथल्या तिथं.

मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. एक आणि तीनची काढली की इंजिन लगेच बसतंय. दोन आणि चारची काढली तरी फारसा फरक नाही. म्हणजे ते दोन सिलिंडर नुसते हजेरी लावत होते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं तर चारही ११० ते ११५ पौंडांच्या घरात. व्हॉल्व्ह, रिंगा, हेड गॅसकेट, कशालाच दोष देता येईना. मॅनिफोल्डच्या सांध्यावर पाणी मारून बघितलं, हवा कुठून ओढत नव्हतं.

राहिला डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगना आळीपाळीनं ठिणगी वाटणारा. त्यातले उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट साफ केले, फिलर गेजच्या पातळ पट्टीनं त्यांच्यातला गॅप ०.४५ मिलिमीटरवर बसवला, टोपी लावली. गाडी अशी गुणगुणायला लागली की काकांनी लगेच पोराला चहा आणायला पाठवलं. मीही फुशारलो. ट्रायलला पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. वाघबीळपर्यंत झकास. चढ सुरू झाला, मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि परत तेच फट्ट. काका शेजारी बसून काही बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री दुकान बंद करून टायमिंग लाइट काढला, प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा. एक नंबरच्या वायरला चिमटा लावला. पुलीवरची खूण दगडासारखी स्थिर दिसायला पाहिजे. ती जागच्या जागी नाचत होती. तोच चिमटा चार नंबरच्या वायरला लावला. एक आणि चारचे पिस्टन बरोबरीनं वर येतात, म्हणजे दोन्ही वेळा खूण त्याच जागी दिसायला हवी. ती बोटभर सरकलेली! सिलिंडर पेटायचा क्रम, म्हणजे फायरिंग ऑर्डर, १-३-४-२, त्यातले पहिले दोन ठिणगी वेळेवर घेत होते आणि पुढच्या दोघांचं काही खरं नव्हतं.

डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर काढला, मधल्या शाफ्टला बोटानं बाजूला दाबलं आणि परत गेज घातलं. ०.४५ चा गॅप ०.३० झाला. सोडला की परत ०.४५. मी दुपारी शाफ्टच्या पॉइंट उघडणाऱ्या चार कोपऱ्यांपैकी एकाच कोपऱ्यावर गॅप बघून मोकळा झालो होतो आणि आधीच्या मिस्त्रीनंही बहुधा तेच केलं होतं. शाफ्टच आतल्या आत डुलत असेल तर गॅप लावून काय उपयोग! हा शाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळं इथं एक अंशाची चूक झाली की खाली क्रँकवर ती दोन अंशांची होते.

दुसऱ्या दिवशी डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश अंड्यासारखं लांबट झिजलेलं. बाजूला तेल घालायचं बारीक भोक असतं, त्यावर ग्रीस आणि धुळीचा थर दगडासारखा बसला होता. सुईनं कोरून काढला तर आत ठणठणीत कोरडं. "बाबा दसऱ्याला हिची पूजा करायच्या आधी इथं तेल सोडायचे," काका म्हणाले. नंतर पूजा चालू राहिली, तेल बंद झालं.

शेजारच्या टर्नरनं गनमेटलची दोन बुश काढून दिली. पहिली जोडी घट्ट झाली, शाफ्ट हातानं फिरेना. त्याला म्हटलं, असं कर, शाफ्ट उभा सोडला की आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरला पाहिजे आणि बाजूला हलवला तर हलता कामा नये. तो वैतागला, पण दुसरी जोडी तशीच झाली. रात्रभर तेलात बुडवून ठेवली. शाफ्टवर बारीक ओरखडे होते, ते पॉलिश करून घेतले.

सकाळी बसवलं. या खेपेला चारही कोपऱ्यांवर गॅप मोजला, मग टायमिंग लाइट. एकला खूण जिथं, चारलाही तिथंच. पन्हाळ्याचा चढ गाडीनं तिसऱ्या गिअरवर काढला. काकांनी वाटेत एकदाच विचारलं, "बंद पडली काय?" इतका आवाज कमी झाला होता.

वरातीत बँडच्या मागं दीड तास गाडी मुंगीच्या पावलानं चालली. एकदासुद्धा मिसिंग नाही. मात्र मंडपाच्या दारात रेडिएटरचं पाणी उकळून नवरीच्या शालूला वाफ लागायची वेळ आली. फॅनबेल्ट सैल होता. तेवढा मी बघितलाच नव्हता.